भरल्या जिभेची गोष्ट

“कडू! कडू लागलं!” असं ओरडून माझी धाकटी जाऊ खुर्चीवरून उठली आणि अख्ख्या हॉलने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या. तिच्यासाठी. आमच्या बेकरीत येऊन केस पांढरे झाले तरी पिठाचा गोळा फुगलाय की फसलाय हे जिला बोट लावून सांगता येत नाही, तिच्यासाठी. मी मागच्या रांगेत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. चुकून टाळी वाजली असती तर माझ्याच हातांना मी माफ केलं नसतं.

हॉल फर्निचरच्या दुकानाच्या वरचा. एरवी तिथे कपाटं आणि पलंग रचलेले असतात. त्या दिवशी ते भिंतीला लावले होते आणि मधे खुर्च्यांवर आया, बाप, आज्या, आजोबा दाटीवाटीने बसले होते. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते विकायच्या पलंगावर बसले होते, प्लॅस्टिक करकरत होतं. सगळ्यांच्या घरी तसंच एकेक मूल. एका जागी बसत नाही, बाई अर्धं वाक्य बोलल्या की खिडकीबाहेर पोचतं, बूट घालायला सांगितलं तर एकच घालून दुसऱ्या खोलीत तिसरंच काही करत उभं राहतं. त्यातली काही पोरं आत्ताही कपाटांची दारं उघडून आत बसली होती.

पुढे टेबल. टेबलावर स्टीलची मोठी किटली, एका बाजूला कागदी पेल्यांची चळत, दुसऱ्या बाजूला चिनी मातीचे पांढरे पेले, उपडे मांडलेले. आणि टेबलामागे ते स्वतः. पांढरा कोट, खिशाला चार पेनं. बाहेरच्या फलकावर नाव नव्हतं, पदवी होती : क्षाराचार्य.

“माणूस म्हणजे काय?” त्यांनी विचारलं. उत्तरही त्यांनीच दिलं. “माणूस म्हणजे चालता-बोलता डोंगर! डोंगरात काय असतं? धातू! लोह, तांबं, जस्त! धातू संपले की डोंगर होतो पोकळ. आणि पोकळ वस्तू काय करते?”

“काय करते?” पहिली रांग.

“वाजते! तुमचं मूल वर्गात वाजतं ना?”

“लई वाजतं,” पलंगावरचा एक बाप म्हणाला. तो गॅरेजवाला होता, हाताची ग्रीस तशीच. सगळे हसले. क्षाराचार्यही हसले, पण मोजकंच. ज्याला दुकान चालवायचं असतं तो तसाच हसतो. मला माहीत आहे, मीही काउंटरवर तशीच हसते.

मग परीक्षा. एका नव्या बाईला पुढे बोलावलं. किटलीतलं पाणी कागदी पेल्यात ओतलं. तिने तोंडात घोळवलं.

“काय लागलं?”

“काही नाही. पाणीच आहे.”

“रिकामी!” ते गरजले. “शरीरात जस्त नाही, म्हणून जिभेला जस्त कळत नाही. जी रिकामी, तिचं मूलही रिकामं. आता बघा भरलेली जीभ!”

भरलेली जीभ म्हणजे माझी जाऊ. त्याच किटलीतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिच्या पांढऱ्या पेल्यात पाणी ओतलं. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ती वर सांगितलेली किंकाळी फोडली.

“किटली एक! पाणी एक! मग फरक कुठे?” त्यांनी हात पसरले. “माणसात!”

एकीने हळूच विचारलं, “नव्यांना कागदी पेले का हो?”

“ताई, रिकाम्या माणसाचं उष्टं पेल्याला लागलं तर पेला धातू सोडतो. पेल्याची तब्येत बिघडते.”

ताईंनी मान डोलावली. पेल्याची तब्येत! आणि बायकांनी पदराने आपापली तोंडं पुसली.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण जाऊच्या शेजारी तिचा नातू बसला होता, त्यावर हसता येईना. त्याला आम्ही वारा म्हणतो. हा वारा ट्रे घेऊन निघालेल्या माणसाच्या पायातून जायचा, खमिराच्या डब्यात खडू टाकून बघायचा, दोनदा त्याला आम्ही गार भट्टीच्या धुराड्यातून उतरवलाय. तो त्या दिवशी हात मांडीवर ठेवून बसला होता. कपाटात बसलेल्या पोरांकडे वळूनसुद्धा बघत नव्हता. काही महिने तो क्षाराचार्यांचे जस्ताचे थेंब घेत होता, दर महिन्याला थोडे वाढवून.

आणि माझी नात? तिला भिंगरी म्हणतात, यातच सगळं आलं. ती त्या वेळी हॉलच्या पडद्यामागे होती आणि पडदा चालत होता.

भिंगरीला आम्ही मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेत होतो. बाईंनी आधी रक्त तपासलं, लोह कमी निघालं, लोहाचं औषध दिलं. वर बजावलं, “एवढ्याने ती एकदम पुतळा होणार नाही हं आजी. हिच्या डोक्याची घडणच भिरभिरी आहे. लोह कमी असलं तर त्यात भर पडते, तेवढी भर आपण काढतोय. बाकी झोप, शाळेत पुढचा बाक, एका वेळी एकच काम सांगणं, आणि पुढे लागलं तर दुसरं औषध. हळूहळू होईल.”

हळूहळू! शेजारच्या खोलीत जावेच्या घरी चमत्कार झालेला आणि माझ्या घरी हळूहळू! आमची बेकरी एक, अंगण एक, भिंत मधे एकच. त्या भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी आवाज यायचा, “बाळा, धडा वाच,” आणि खरंच धडा वाचल्याचा आवाज यायचा. इकडे भिंगरी वही डोक्यावर ठेवून टेबलाभोवती फिरायची. मला जेवण जात नव्हतं.

“जाऊबाई, या ना पुढे,” जावेने टेबलाजवळून हाक मारली. गोड आवाज, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “आमच्या जाऊबाईंची जीभ म्हणजे बेकरीची कसोटी. त्यांनी चाखल्याशिवाय गोळा भट्टीत जात नाही.”

हे खरं होतं. कच्च्या गोळ्याची चिमूट जिभेवर ठेवून मीठ सांगायचं, हे काम सासूबाईंनी माझ्याकडे दिलं तेव्हापासून माझं. तिने ते चारचौघांत सांगितलं तेव्हा मला बरंही वाटलं. तोच माझा घात.

मी पुढे गेले. कागदी पेला. घोट घेतला, घोळवला, पुन्हा घेतला.

“काय लागलं आजीबाई?”

पाणी होतं. निव्वळ पाणी. खोटं बोलायचीही सोय नव्हती, काय खोटं बोलायचं तेच माहीत नव्हतं. “काही नाही,” म्हटलं.

“रिकामी!”

हॉल हसला. माझा दीर पहिल्या रांगेत होता, तोही हसला. “वहिनी, इतकी वर्षं आम्ही रिकाम्या जिभेच्या भरवशावर पाव विकला म्हणायचा!”

आणि मग जावेने, तिला आता तिथे बाटल्या वाटायचं मानाचं काम मिळालं होतं, थेंबांची बाटली स्वतःच्या हाताने माझ्या हातात ठेवली. वरून माझी मूठ मिटली. “घ्या माझ्याकडून,” म्हणाली. “वयाने होतं असं.”

वयाने! माझ्याहून चार पावलं मागे आहे फक्त.

घरी आल्यावर सून माझ्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढत नाही, हीच तिची दहशत.

“आई, मी भिंगरीसाठीही एक बाटली आणलीय. उद्यापासून लोहाचं औषध बंद. आचार्य म्हणाले, दोन्ही एकत्र चालत नाही.”

“डॉक्टरीणबाईंना विचारलंस?”

“काय विचारू? वाऱ्याकडे बघा ना. शाळेतून पुन्हा निरोप आलाय. आपल्या पोरीला वेगळं बसवतात आई. तिच्याबरोबर कुणी डबा खात नाही. मी किती दिवस हळूहळू ऐकायचं?”

एकटीने डबा खाणारी पोर माझ्याही डोळ्यांसमोर होती. पण जावेच्या हातची बाटली माझ्या घरात फळाला यावी आणि जन्मभर तिने ते बोलून दाखवावं, हे माझ्याने सोसवेना. माझ्या पोटात जे कळलं ते शहाणपण नव्हतं, जळफळाट होता. पण वेळेला कुठलंही कुत्रं भुंकलं तरी घर जागं होतं.

म्हटलं, “या घरात जे येतं ते आधी माझ्या तोंडाला लागतं, मग पोरांच्या. पुढच्या सभेपर्यंत मी थेंब घेते. माझी जीभ भरली तर भिंगरीचं लोह बंद आणि हे सुरू. नाही भरली तर बाटली गटारात.”

“शब्द?”

“शब्द.”

आणि मी बाटली कपाटात टाकली. झाकणाची पट्टीसुद्धा तोडली नाही. माझा डाव साधा होता : सभेत सगळ्यांसमोर घोट घेईन, ‘पाणी!’ म्हणून ओरडेन, आणि जावेचं तोंड बघेन. त्याहून मोठा विचार त्यात नव्हता.

दुसऱ्याच सकाळी बेकरीत गेले तर गोळ्याशी जाऊ उभी. दिराने सांगितलं, “वहिनी, तुमची जीभ भरेपर्यंत चाखायचं हिने बघावं. गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे.” माझा मुलगा मैद्याच्या गोणीकडे तोंड करून उभा राहिला. आईकडे बघायची हिंमत नव्हती.

जावेने चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले. (मी कधी डोळे मिटत नाही.) म्हणाली, “अळणी आहे. अजून टाका.” टाकलं. “अजून.”

त्या दिवशीचा पाव गिऱ्हाइकांनी परत आणला. न्हावी तर दारातूनच ओरडला, “पाव आहे की खारवलेलं लाकूड?” मी एक तुकडा तोंडात टाकला आणि मला मीठ असं लागलं की टाळूला चटका बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून दीर मीठ तराजूवर मोजून टाकू लागला. जाऊ रडकुंडीला आलेली, “मला सगळंच लोखंडासारखं लागतं हो, मिठाचा पत्ताच लागत नाही.” तीही वाऱ्याबरोबर रोज थेंब घेत होती.

मला आनंद झाला. मग त्या आनंदात एक खडा लागला. मीठ मला नीट कळतंय. गिऱ्हाइकाच्या आधी कळतंय. म्हणजे माझी जीभ मेलेली नाही. मग त्या पेल्यात मला काही लागलं नाही ते का? जीभ रिकामी नसेल तर रिकामं काय होतं?

पाणी. पाणीच रिकामं होतं.

पण त्याच किटलीतलं जावेला कडू लागलं. आणि ती नाटक करत नव्हती. मी तिला ओळखते, तिला नाटक जमत नाही. लग्नाघरी खोटं रडायची वेळ आली तर ती खरंच रडते. मग? इथे माझी गाडी अडली.

पुढची सभा आली. मला आता जुन्या लोकांत जागा, म्हणजे पहिल्या रांगेत. कमरेला खोचलेल्या पिशवीत ती बंद बाटली. पलीकडे सून, मांडीवर भिंगरीला दाबून धरलेली, पर्समध्ये भिंगरीच्या नावाची दुसरी बाटली.

“या आजीबाई! महिनाभर थेंब घेतलेत?”

“तुम्ही सांगितलंत तसं केलं,” म्हटलं. त्यांनी घ्या असं मला सांगितलंच नव्हतं, जावेने सांगितलं होतं. खोटं बोलायचा मला कंटाळा आहे.

त्यांनी एक पांढरा पेला सुलटा करून किटलीतलं पाणी ओतलं. मी ‘पाणी’ हा शब्द ओठांवर तयार ठेवूनच घोट घेतला.

कडू! कडू, तुरट, दातांवर गंज चढल्यासारखं. शब्द बाहेर यायच्या आधी माझा चेहराच बोलला. डोळ्यांत पाणी आलं.

“बघा! बघा!” क्षाराचार्य नाचायचे तेवढे राहिले. “या वयात! एका महिन्यात! ही खरी भरलेली जीभ!”

आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. जावेला मिळाल्या होत्या त्याहून जास्त, कारण मी म्हातारी. मी वळून बघितलं तर जावेचं तोंड उतरलेलं. तिला तिथवर यायला बरेच महिने लागले होते. ते तोंड मी डोळे भरून पाहिलं. वाटलं, राहू दे. बसून राहावं. ही म्हातारी चमत्काराची आहे असं म्हणू दे सगळ्यांना. दीर उभा राहून टाळ्या वाजवतोय, उद्यापासून गोळा माझ्या जिभेवर येईल. एवढं तर हवं होतं.

मग खट्ट असा आवाज आला. सुनेने पर्समधून बाटली काढली होती आणि झाकण फिरवलं होतं. “आ कर,” ती भिंगरीला म्हणत होती. शब्द दिला होता मी. जीभ भरली होती.

“थांब!” मी अशी ओरडले की कपाटातलं एक पोर बाहेर पडलं. पिशवीतली बाटली काढून डोक्यावर धरली. “झाकणाची पट्टी बघा. आहे तशी आहे. मी एक थेंब घेतलेला नाही!”

गॅरेजवाला पुढे आला, बाटली हातात घेऊन फिरवली. “बंद आहे,” तो म्हणाला. “कंपनीचं सील शाबूत.”

क्षाराचार्य बाटलीकडे न बघताच म्हणाले, “आजीबाईंच्या शेजारघरात सगळे थेंब घेतात. धातूंच्या लहरी भिंतीतून जातात.”

“मग एवढं विकता कशाला? भिंतीच विका,” पोराला घेऊन मागे बसलेला आमचा न्हावी म्हणाला.

मी किटली उचलली. ते “अहो, अहो” करेपर्यंत तोटीला तोंड लावलं आणि घोट घेतला. पाणी. गोडं पाणी. किटली गॅरेजवाल्याकडे दिली. त्याने घोट घेतला आणि ओठ पुसले. “पाणीच की हो.” पहिल्या रांगेतल्या चार भरलेल्या जिभांनी घोट घेतला. सगळ्या रिकाम्या.

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्याकडे पुढचं काही नव्हतं. किटलीत नाही, तर कडू आलं कुठून?

सुनेच्या मांडीवरून भिंगरी कधी निसटली ते कुणालाच कळलं नव्हतं. तिला मोठ्यांच्या भांडणात रस नसतो. ती टेबलाच्या मागे जाऊन उपडे पांढरे पेले सुलटे करत होती, एकावर एक रचत होती. रचताना एक डोळ्यासमोर धरला, आत बघितलं, आणि ती जे सगळ्याच वस्तूंचं करते तेच केलं. जीभ आत घालून चाटला.

“शी! आजी, हा कोराच कडू आहे!”

कोरा पेला. पाण्याचा थेंब नाही. मी तिच्या हातून घेतला, तळाशी बोट फिरवलं. खरखरीत. उजेडात धरला तर पांढऱ्यावर पांढरा थर, भट्टीत विसरलेल्या ट्रेवर साखरेचा पाक वाळून बसतो तसा. बोट जिभेला लावलं. तीच चव.

मग जो प्रकार झाला तो सांगून खरा वाटणार नाही. शहाणीसुरती माणसं रांगेने येऊन पेले चाटायला लागली. “हाही कडू!” “हाही!” न्हाव्याने तर दोन चाटले. कुणीतरी कागदी पेला चाटला, त्याला कागद लागला.

“पेल्यांना सवय लागते!” क्षाराचार्य ओरडत होते. “भरलेल्या माणसांत राहून राहून पेले भरतात!”

“मग पेल्यांनाच शाळेत घाला,” मी म्हटलं. “शांत बसतील.”

युक्ती एवढीच होती. जुन्यांच्या पेल्यात आधीच जस्ताच्या क्षाराचं पाणी घालून वाळवायचं. वर साधं पाणी ओतलं की ते विरघळतं. नव्यांना कोरे कागदी पेले, म्हणून नवे सगळे रिकामे. किटली मात्र सगळ्यांसमोर एकच ठेवायची. आम्ही सगळे किटलीकडे डोळे लावून बसलो, पेल्याकडे कुणी बघितलंच नाही. ज्या पोरीचं कशात लक्ष नाही म्हणून शाळा तक्रार करते, तिने बघितलं. पण त्यावरून कुणी असं समजू नये की भिरभिरं डोकं म्हणजे वरदान. दुसऱ्या दिवशी ती एकच बूट घालून शाळेत गेली.

गॅरेजवाल्याने बाटल्या आणि पेले आरोग्य खात्यात नेऊन दिले, आणि फलक उतरला. त्या माणसाबद्दल याहून जास्त शाई घालवायची माझी इच्छा नाही.

मी जिंकले होते. घरी आले, चहा ठेवला आणि भिंतीपलीकडून रडण्याची वाट बघत बसले. रडण्याऐवजी जाऊ स्वतःच दारात आली. डोळे कोरडे.

“पेला खोटा होता, मान्य,” ती म्हणाली. “मी मूर्ख, तेही मान्य. पण जाऊबाई, माझा वारा शांत झाला ते काय खोटं? ते तर सगळ्यांनी पाहिलं. तो चमत्कार कुठल्या पेल्यात होता?”

बोलणं बिनतोड होतं. म्हटलं, “चल. जिला कळतं तिला विचारू.”

डॉक्टरीणबाईंनी वाऱ्याला उचलून टेबलावर बसवलं. एरवी तो त्या टेबलावरून उडी मारून कानात घालायची नळी पळवतो. त्या दिवशी बसवला तसा बसला. बाईंनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, जिना चढायला लावला. तो अर्ध्या जिन्यात कठड्याला टेकला.

“जेवतो का?”

“पूर्वीसारखं नाही,” जाऊ म्हणाली. “मळमळतं म्हणतो. पण हट्ट करत नाही हो, गप्प पडून राहतो. गुणी झालाय.”

रक्त तपासलं. निकाल आला त्या दिवशी बाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. आवाज खाली आणला.

“हा गुणी झालेला नाही. थकलाय. त्याचं रक्त उतरलंय. शरीराला जस्त लागतं, हे त्या माणसाने खरंच सांगितलं. पण किती, ते नाही सांगितलं. गरजेपेक्षा फार जस्त पोटात गेलं की ते तांब्याला आत येऊ देत नाही. तांबं नाही तर रक्त नीट तयार होत नाही. आणि याला जस्ताची कमतरता होती की नाही ते आधी कुणी तपासलंच नव्हतं.”

जावेने पदर तोंडात कोंबला. “मीच देत होते,” ती म्हणाली. “स्वतःच्या हाताने. मोजून. चुकू नये म्हणून.”

मला त्या वेळी कळलं ते माझ्या भाषेत सांगते. गोळ्यात मीठ नसलं तर पाव बेचव होतो आणि गोळा ताब्यात राहत नाही, हात लावाल तिकडे पसरतो. म्हणून कुणी मूठभर मीठ टाकलं तर? खमीर मरतं. मग गोळा फुगत नाही, पसरत नाही, हलत नाही. खमीर मेलेला गोळाही शांतच असतो. त्याला कुणी गुणी म्हणत नाही.

“बरा होईल ना?” हे मी विचारलं.

“होईल. वेळेत आणलात. थेंब आजपासून बंद. पण आजी, बरा झाला की तो पुन्हा धुराड्यात चढेल हं. मग त्याचाही हळूहळूचा रस्ता. तो रस्ता चमत्काराला पर्याय नाही, तोच एक रस्ता आहे.”

परतताना वारा माझ्या कडेवर होता. इतका हलका की मला राग आला. जावेचा नाही. हॉलमध्ये तो हात मांडीवर ठेवून बसला होता तेव्हा मी त्याला बघून जळले होते. एक आजारी पोर बघून जळले होते. नीट बघितलं असतं तर?

आता आम्ही दोघी एकाच दिवशी पोरांना बाईंकडे नेतो. बाहेरच्या बाकावर शेजारी बसतो. भांडण मिटलं असं समजू नका. ती निकालाचा कागद माझ्यापुढे नाचवते, “बघा जाऊबाई, वाऱ्याचं रक्त चढलं.” मी म्हणते, “चढेल बाई, भिंगरीचं लोह तर गेल्या वेळीच चढलं. आणि आता ती अर्धं पान सलग लिहिते.” मग ती म्हणते, वाऱ्याने काल बाईंच्या टेबलावरून उडी मारली, आणि हे ती अशा तोऱ्यात सांगते जणू पदक मिळालं. मला अजूनही पोटात दुखतं.

तर बायांनो, माझं सांगणं एवढंच. शेजारणीच्या घरी चमत्कार झाला असं ऐकलं की पोटात दुखणारच. दुखू द्या, त्याने कुणी मरत नाही. पण त्या दुखण्यावरचं औषध त्याच दुकानातून आणू नका. आपलं पोर भिरभिरं असेल तर त्यात पोराचा दोष नाही, आईचा नाही, आणि तो कुणाच्या जिभेवर कळत नाही. लोह कमी आहे का, जस्त कमी आहे का, ते रक्त सांगतं. कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच द्या, आणि कमी नसेल तर थेंबभरही देऊ नका. जो माणूस एकाच गोष्टीने सगळं बरं होईल म्हणतो त्याला विचारा की, तुझं औषध न घेतलेल्या माणसावर, त्याच पेल्यात, हीच परीक्षा करून दाखवतोस का. दाखवली नाही तर उठून चालू लागा. आणि जळायचंच असेल तर खुशाल जळा, पण तपासलेल्या गोष्टीवर जळा.